जनरल ग्रँट केवळ संख्याबळावर जिंकले का?

अमेरिकी यादवी युद्धात (उत्तरेकडील राज्ये विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये) उत्तरेचे सेनापती असलेल्या युलिसिस ग्रँट यांचे यश केवळ उत्तरेच्या संख्याबळाचे होते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्याय आहे.

१८२२ साली ओहायोत जन्मलेल्या ग्रँट यांनी वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत शिक्षण घेतले आणि मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात भाग घेतला; परंतु १८५४ मध्ये सैन्य सोडल्यावर त्यांना सेंट लुईसमध्ये सरपण विकून आणि पुढे वडिलांच्या चामड्याच्या दुकानात बसून संसार चालवावा लागला. यादवी युद्धात, १८६३ मध्ये, दक्षिणेच्या राज्यांच्या ताब्यातील व्हिक्सबर्ग शहराविरुद्धच्या मोहिमेत त्यांनी शहराच्या खालच्या बाजूला मिसिसिपी नदी ओलांडली, अन्नधान्य बरेचसे वाटेतल्या मुलखातूनच मिळवले आणि तीन आठवड्यांच्या आत पाच लढाया जिंकून शहराला वेढा घातला. ४ जुलैला सुमारे ३०,००० सैनिक शरण आले. हे डावपेचांचे यश होते.

९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स या गावी दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरणागती देण्यासाठी नवाकोरा गणवेश घालून, कमरेला तलवार लावून आले होते. ग्रँट यांच्या अंगात साध्या शिपायाचा डगला होता आणि बूट चिखलाने माखलेले होते. पेरणीचे दिवस जवळ आले होते, म्हणून त्यांनी पराभूत सैनिकांना स्वतःचे घोडे आणि खेचरे घरी नेऊ दिली. मला हा निर्णय त्यांच्या कोणत्याही विजयापेक्षा थोर वाटतो.

१८६९ ते १८७७ ते राष्ट्राध्यक्ष होते. सहकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराने ती कारकीर्द डागाळली. जगप्रवासात १८७९ मध्ये ते मुंबईलाही येऊन गेले. पुढे दिवाळे निघाले, घशाचा कर्करोग झाला, तरीही कुटुंबासाठी त्यांनी आठवणी लिहून पूर्ण केल्या आणि काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, त्यांचे निधन झाले.