प्रोजेक्टर लावून शिकवण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. नववीच्या भूगोलासाठी केलेली तुझी पीपीटी पाहिली. प्रतिरोध पावसावर (डोंगराने अडवलेल्या वाऱ्यांचा पाऊस) पस्तीस मिनिटांच्या तासाला बावीस स्लाइड्स, आणि बहुतेकींवर पुस्तकातले परिच्छेद. सहा-सात पुष्कळ झाल्या.

परिच्छेद आधी काढून टाक. मुलं पडद्यावरचं वाचत असली की तुझं बोलणं कानावरून जातं, आणि तेच तू मोठ्याने वाचायला लागलास तर ती तुझ्या आधी वाचून मोकळी होतात. रिचर्ड मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतही हेच दिसलं. चित्र आणि तोंडी स्पष्टीकरण पुरेसं होतं. त्याच शब्दांचा मजकूर पडद्यावर जोडला की समज कमी झाली. तेव्हा पडद्यावर चित्र, नावं, आकडे एवढंच. व्याख्या फळ्यावर लिही. स्लाइड पुढे सरकली की गेली, फळा तास संपेपर्यंत समोर राहतो.

सगळी मेहनत एका स्लाइडवर घे: सह्याद्रीचा पश्चिम-पूर्व छेद. पहिल्या क्लिकला फक्त समुद्र आणि डोंगर. मुलांना दोन मिनिटं तेवढंच वहीत काढू दे. दुसऱ्या क्लिकला नैर्ऋत्येकडून येणारा बाण. तिसऱ्या क्लिकला चढणारी हवा आणि ढग, कारण वर जाताना हवा प्रसरण पावून थंड होते आणि बाष्पाचं सांद्रीभवन होतं. इथे थांब. ‘दहिवडीपेक्षा महाबळेश्वरला किती पट पाऊस पडत असेल?’ अंदाज वहीत लिहून घे आणि मगच आकडे दाखव: महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. दोन्ही गावं सातारा जिल्ह्यातलीच, पण दहिवडी डोंगराच्या पूर्वेला, त्यामुळे पर्जन्यछाया, म्हणजे डोंगरापलीकडचा कमी पावसाचा भाग, वेगळी समजावावी लागत नाही. ॲनिमेशन साधं ‘अपिअर’ ठेव. गिरक्या घेत येणाऱ्या बाणावर वर्ग हसतो आणि वाऱ्याची दिशा राहून जाते.

अक्षर किमान 28 पॉइंट. लॅपटॉपपासून दोन मीटर मागे उभं राहून वाचता आलं, तर शेवटच्या बाकावरूनही साधारण वाचता येईल. देवनागरी फार ठळक केली की लांबून घ आणि ध, भ आणि म यांत फरक कळत नाही. ओळींमधलं अंतर 1.2 तरी ठेव, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत अडकतात. श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं शाळेच्या संगणकावर भलतंच उमटतं. युनिकोड वापर, निर्मला किंवा मंगल चालेल. फॉन्ट वेगळा हवाच असेल तर ऑप्शन्समधल्या ‘सेव्ह’मध्ये जाऊन तो फाइलीत एम्बेड कर, म्हणजे फाइलीबरोबरच साठवला जाईल.

काळी पार्श्वभूमी नको. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. जिथे प्रकाश पडत नाही तेवढंच काळं. आपल्या वर्गात पडदे नसतात, त्यामुळे त्या काळ्याचा मळकट राखाडी होतो. पांढऱ्यावर गडद निळं अक्षर घे.

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा, आधीच पेनड्राइव्हवर उतरवलेला. वर्गात बसून जाहिरात संपायची वाट बघायची नाही. लावण्याआधी एक प्रश्न दे, मध्ये एकदा थांबव. जुन्या व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही, तेव्हा स्पीकरची वेगळी सोय बघ. निवेदन इंग्रजी असेल तर आवाज बंद करून तूच बोल, ते उलट बरं पडतं.

चर्चा सुरू झाली की कीबोर्डवर बी दाब, पडदा काळा होतो. पुन्हा दाबलं की स्लाइड परत. कुणी आधीचं विचारलं तर स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर, म्हणजे सगळ्यांसमोर मागे-मागे जावं लागत नाही.

आणि वीज ऐन तासाला गेली तर? सह्याद्रीचा तो छेद खडूने दीड मिनिटात काढता आला पाहिजे. आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात दोनदा काढून बघ.

तुझा,
एक जुना सहकारी