पहिलीतल्या पूर्ण अंध मुलीला मराठी ब्रेल शिकवतोय. महिना झाला तरी क आणि ख तिला सारखेच लागतात. कुठे चुकतंय?

तिचं काही चुकत नाहीये. ब्रेलचं एक घर म्हणजे सहा टिंबांची जागा: डाव्या रांगेत वरून खाली १-२-३, उजव्या रांगेत ४-५-६. क म्हणजे टिंब १ आणि ३, ख म्हणजे ४ आणि ६. आकार अगदी एकच, फक्त पहिला घराच्या डाव्या रांगेत आणि दुसरा उजव्या. कोऱ्या कार्डावर एकटं अक्षर उठवलं की डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे कळायला बोटाला काही आधारच उरत नाही. ब-भ (१-२ आणि ४-५) आणि ल-ळ (१-२-३ आणि ४-५-६) यांचीही हीच गत. त्यामुळे कार्डावर अक्षराच्या दोन्ही बाजूंना, मध्ये जागा न सोडता, सहाही टिंबांचं भरलेलं घर उठवा. क डावीकडच्या भिंतीला चिकटून लागेल, ख उजवीकडच्या. (सहा टिंबं म्हणजे खरं तर ढ, पण तो यायला अजून अवकाश आहे.)

आणि अंकलिपीचा क्रम सोडाच. तो उच्चारस्थानांवरून लावलेला आहे, बोटाच्या सोयीचा त्यात विचार नाही. मी पहिली चार अक्षरं आ (३-४-५), ल (१-२-३), ग (१-२-४-५), म (१-३-४) अशी घेतो. आकार वेगळे, आवाज वेगळे, आणि लगेच शब्द मिळतात: लाल, गाल, आग, मला. ‘मामा आला’ हे अख्खं वाक्य याच अक्षरांत बसतं. पुढे क घेतलात तर ख निदान महिनाभर लांब ठेवा. ह-ज, र-ठ, न-ड, आ-घ या जोड्या एकमेकींची आरशातली रूपं आहेत, त्याही एका आठवड्यात आणू नका.

स्वरांमध्ये ई आधी, इ नंतर. शब्दाच्या शेवटी मराठीत ‘आणि’सारखे अपवाद सोडले तर दीर्घच येते, म्हणून पाणी, आजी, मामी असे शब्द भरपूर मिळतात. इ (२-४) हा ई (३-५) चाच आकार, एक ओळ वर सरकलेला. शिवाय तो ए (१-५) चा आरसा. तिन्ही एकदम आणले तर गोंधळ ठरलेला.

डोळस शिक्षकांची गाडी सहसा बाराखडीत अडते. ब्रेलमध्ये काना-मात्रा वेगळ्या नसतात. क पुढे इ ठेवला की ‘कि’. छापील अक्षरात पहिली वेलांटी आधी काढतात आणि आवाज मागून येतो, इथे आवाजाचा क्रम तोच टिंबांचा क्रम. तेव्हा ‘पहिली वेलांटी’ हा शब्द तिच्यापुढे नकोच. अडचण वेगळीच येते: ती ‘ल-आ-ल’ असं तोडून वाचते. ल पूर्ण न म्हणता आ वर घसरायचं, ही सवय आधी तोंडी करून घ्या. बोट ल वरून आ वर सरकत असताना आवाजही सरकला पाहिजे. ‘मऊ’ लिहिताना मात्र म आणि ऊ यांच्यामध्ये अ (टिंब १) घालावा लागतो, नाहीतर तो ‘मू’ होतो. जोडाक्षरात टिंब ४ आधी येतं: ‘पुस्तक’ मध्ये स च्या आधी. पुढच्या अक्षराचा अ गेला, ही सूचना तिला वाचण्याआधीच मिळते. जोडाक्षरं मात्र सावकाश.

ध्वनींचा सराव कागदाशिवाय, रोज दहा मिनिटं. भेंड्यांइतका शेवटच्या आवाजाचा चांगला खेळ नाही. चित्रांऐवजी हातात वस्तू द्या: ग ला गहू, ल ला लसूण, म ला मणी. गणपती, एडका, क्षत्रिय कार्डावर बोटाला लागत नाहीत.

बोटं वर-खाली घासत असतील तर सुटी कार्डं कमी करून ओळी वाढवा. दोन्ही तर्जन्या, हलका दाब, डावीकडून उजवीकडे. अंड्यांच्या ट्रेमध्ये चेंडू ठेवून टिंबांचे आकडे शिकवणं आठवडाभर ठीक, त्यानंतर खऱ्या आकाराचं ब्रेलच द्या. एक घर बोटाच्या एका पेराखाली मावतं आणि ते एकदम ओळखायचं असतं, टिंबं मोजून नाही.

लिहायला ब्रेलची पाटी (कागद अडकवायची, घरांच्या खिडक्या असलेली पट्टी) आणि स्टायलस (टिंबं टोचायची टोचणी) दिला असेल तर तूर्त बाजूला ठेवा. पाटीवर उजवीकडून डावीकडे, कागदाच्या मागून टोचतात, म्हणजे क टोचताना हात नेमका ख च्या जागी जातो. पर्किन्स ब्रेलर (प्रत्येक टिंबाला एक बटण असलेलं ब्रेलचं टंकयंत्र) मिळाला तर उत्तम: त्यावर क ची दोन्ही बटणं डाव्या हाताची (तर्जनी आणि अनामिका), ख ची दोन्ही उजव्या हाताची. मिळाला नाही, तर सहा भोकांची लाकडी फळी आणि खुंट्या यांवर चालवा, आणि मुलगी शब्द सहज वाचू लागली की मगच पाटी बाहेर काढा.