थ्रीडी प्रिंटवर फायबरग्लास चढवता येतं का?

होडीवरच्या यंत्राच्या पेटीला थ्रीडी प्रिंटचा सांगाडा, वरून फायबरग्लास आणि आत तार, असा एकच भाग होईल का, हा तुमचा प्रश्न. होतो, आणि चांगला होतो. प्रिंटमुळे हवा तो आकार मिळतो, पण त्याचे थर ताण आला की एकमेकांपासून सुटतात. फायबरग्लासमधलं काचेचं कापड नेमका तोच ताण उचलतं. तारेमुळे त्याच भागातून सेन्सरचा संदेशही जातो.

खरी गोम जोडात आहे. गुळगुळीत प्लास्टिकवर रेझिन, म्हणजे कापड भिजवून घट्ट करणारा चिकट द्रव, धरत नाही, म्हणून 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा. प्रिंट एबीएस या प्लास्टिकचं असेल तर पॉलिएस्टर रेझिन टाळाच, त्यातलं स्टायरीन एबीएसला खातं. इपॉक्सी रेझिन घ्या. पीएलए हे प्रिंटिंगचं दुसरं प्लास्टिक साधारण 60 अंश सेल्सियसला मऊ पडतं. मे महिन्यात गोव्यातल्या शापोऱ्याच्या धक्क्यावर उन्हात काळा भाग तेवढा सहज तापू शकतो. रेझिनही सेट होताना तापतं, तेव्हा एका वेळी पातळच थर द्या.

आपल्याकडच्या पावसाळ्यात इपॉक्सीवर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. मी एकदा त्यावरच पुढचा थर दिला. आठवड्याने कोपऱ्यात नख घातलं तर अख्खा थर केळीच्या सालीसारखा सोलून आला. आधी कोमट पाण्याने धुवा, वाळवा, मगच घासा.

कार्बन फायबर वापरायचं असेल तर ते अॅल्युमिनियमला टेकू देऊ नका, खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम झिजतं. मध्ये काचेच्या कापडाचा एक थर घाला.