दुधाशिवाय दाट, मऊसूत सूप

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या चार वर्षांच्या मुलीला दुधाची ॲलर्जी असल्याचं यंदा कळलं. इथल्या हिवाळ्यात आमच्याकडे रात्री भाज्यांचं सूप असतंच आणि आजवर त्यात क्रीम घालत होतो. क्रीम बंद केल्यापासून सूप पाणचट होतं; वाडग्यात चोथा खाली बसतो आणि वर पाणी तरंगतं. नारळाचं दूध घातलं तर मुलगी वासानेच तोंड फिरवते. सासूबाई सध्या इथे आल्या आहेत. त्या म्हणतात, "वरून एवढंसं तूप घातलं तर काय होतंय?" दुधाचं काहीही न घालता सूप पूर्वीसारखं दाट होईल का?

उत्तर : होईल, अगदी मनासारखं होईल. पण तुपाचं आधी बोलू, कारण त्यात हयगय चालणार नाही.

दुधाची ॲलर्जी ही दुधातल्या प्रथिनांची असते, म्हणजे केसीन आणि व्हे यांची. लॅक्टोज न पचणं ही निराळी तक्रार आहे. त्यात दुधातली साखर पचत नाही, पोट फुगतं, दुखतं, जुलाब होतात. त्रास खरा, पण जिवावर बेतत नाही. ॲलर्जी बेतू शकते. म्हणून दुकानातलं 'लॅक्टोज फ्री' दूध किंवा क्रीम तुमच्या मुलीसाठी नाही. त्यातली साखर फोडलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी असतात. शेळीचं किंवा म्हशीचं दूधही पर्याय नाही, कारण त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात. तूप कितीही नीट कढवून गाळलं तरी त्यात प्रथिनांचे अंश राहू शकतात. सासूबाईंची माया समजण्यासारखी आहे, पण थोडं तूप की जास्त, असा हा हिशेबच नाही, हे त्यांना शांतपणे आणि एकदाच स्पष्ट सांगा. मुलीच्या डॉक्टरांकडे पुढच्या वेळी त्यांनाही सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरात वाद उरत नाही. आणि तोपर्यंत मुलीच्या सुपाचा डाव वेगळा ठेवा, तुपाच्या भांड्यातला चमचा त्यात जाऊ देऊ नका.

सुपात दूध चोरपावलांनी येतं ते स्टॉकच्या वड्या (पाण्यात विरघळवून सुपाला चव आणणाऱ्या), मार्गारिन (लोण्याऐवजी वापरायचा तेलाचा पदार्थ) आणि तयार क्रूटाँ (सुपावर घालायचे पावाचे कुरकुरीत तुकडे) यांतून. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये पाकिटावरच्या घटकांच्या यादीत दूध उठून दिसेल असं छापणं बंधनकारक आहे. अमेरिकेतही २००६ पासून दुधाचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. तरी केसीनेट, व्हे पावडर, मिल्क सॉलिड्स, बटरमिल्क हे शब्द ओळखीचे करून घ्या. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'नॉन-डेअरी' लिहिलेलं असूनही मागे केसीनेट असू शकतं, म्हणून पाकीट उलटं करूनच वाचावं. मी तर स्टॉकची वडी वगळायलाच सांगेन. कांदा, लसूण आणि भाज्या नीट परतल्या तर साधं पाणी पुरतं.

आता सूप. क्रीम सुपात दोन कामं करत होतं. त्यातले चरबीचे बारीक थेंब जिभेवर गुळगुळीतपणा आणत होते आणि त्याच्यामुळे सूप थोडं दाटही होत होतं. ही दोन्ही कामं भाजीतला स्टार्च, थोडं तेल किंवा दाणे आणि बारीक वाटणं यांनी होतात. तुमच्या सुपात चोथा खाली बसतो याचा अर्थ भाजी पुरती शिजलेली नाही, वाटण जाडसर राहिलं आहे आणि पाण्याला धरून ठेवणारा स्टार्च कमी आहे. बहुतेक पाणीही सुरुवातीलाच सगळं ओतलं जात असावं.

फ्लॉवरपासून सुरुवात करा. वाटल्यावर फ्लॉवरइतकी मऊ होणारी आणि पांढरी राहणारी दुसरी भाजी नाही. चौघांसाठी साधारण ६०० ग्रॅम फ्लॉवर, एक लहान बटाटा, एक मोठा कांदा किंवा एक लीक (कांद्याच्याच जातीची, जाड पांढऱ्या दांड्याची भाजी), लसणाच्या चार पाकळ्या आणि अर्धी वाटी काजू घ्या. काजूची ॲलर्जी नाही याची डॉक्टरांकडून खात्री झालेली असेल तरच काजू. नसेल तर सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया तितक्याच. काजू किंवा बिया उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजवा. लीक वापरणार असाल तर उभा चिरून पाकळ्या उकलून धुवा, आतल्या पदरांत माती अडकलेली असते आणि ती दाताखाली आली की सगळं सूप वाया जातं.

पातेल्यात दोन मोठे चमचे तेल, त्यावर कांदा आणि चिमूटभर मीठ. आच मंद, झाकण घट्ट, दहा-बारा मिनिटं. कांदा तांबूस होऊ द्यायचा नाही, नुसता पारदर्शक आणि गोडसर व्हायला हवा. इथे घाई केली तर पुढे कशानेही चव भरून निघत नाही. मग लसूण, फ्लॉवर, बटाटा आणि भाज्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी, साधारण पाऊण लिटर. झाकण ठेवून वीसेक मिनिटं शिजवा. फ्लॉवरच्या देठाला सुरी लावली की ती जोर न लावता आरपार गेली पाहिजे. तुऱ्यावरून अंदाज घेऊ नका. तुरा आधी शिजतो आणि देठ कच्चा राहतो.

काजू सुपाच्या पातेल्यात सरळ टाकून वाटू नका. भरपूर पाण्यात ते पात्याखाली सापडतच नाहीत, म्हणून कण राहतात. भिजवलेले काजू निथळून मिक्सरच्या लहान भांड्यात तीन-चार चमचे ताज्या पाण्याबरोबर आधी वाटा. थांबा, कडांना लागलेलं खाली घ्या, पुन्हा वाटा. पेस्टचा एक थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून बघा. रवाळ लागला तर आणखी फिरवा. बोटं नुसती घसरली तर झालं. ही पेस्ट शिजलेल्या भाज्यांत मिसळायची आणि मग सगळं एकत्र वाटायचं.

गरम सूप मिक्सरमध्ये वाटताना मात्र जपा. आधी दहा मिनिटं निवू द्या, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, झाकणाच्या मधली टोपी काढून तिथे घडी घातलेलं फडकं धरा आणि हळू वेगावर सुरू करा. बंद भांड्यात वाफ कोंडली की झाकण उडतं आणि चेहरा-हात भाजतात. छोटं मूल पायात घोटाळत असेल तर हँड ब्लेंडर बरा. त्याने थोडा वेळ जास्त लागतो, म्हणून पातेलं तिरकं करून दोन-तीन मिनिटं तरी फिरवायचा.

शेवटी हँड ब्लेंडर चालू असतानाच एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल बारीक धारेने सोडा. सुपाचा रंग डोळ्यांदेखत फिकट होतो. तेलाचे अतिबारीक थेंब सुपात विखुरतात, प्रकाश परतवतात आणि जिभेवर क्रीमसारखे लागतात. तेच तेल वरून ओतलं तर नुसता तवंग येतो. बटाटा मात्र एकच आणि लहान. जास्त बटाटा खूप वेळ वाटला की त्यातला स्टार्च मोकळा होऊन सूप चिकट, ताणल्यासारखं होतं.

मीठ, मिरपूड, किंचित जायफळ आणि आच बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस. क्रीम गेल्यावर काहीतरी कमी आहे असं वाटतं, ते बऱ्याचदा आंबटपणा आणि खमंगपणा नसल्यामुळे. सोया चालत असेल तर चमचाभर पांढरी मीसो पेस्ट (सोयाबीन आंबवून केलेली जपानी पेस्ट) ती उणीव सुरेख भरून काढते. तिच्यात मीठ बरंच असतं, म्हणून आधी मीसो, मग चव बघून मीठ.

गाजर, बटरनट स्क्वॉश (एक प्रकारचा भोपळा), पार्सनिप (गाजरासारखं पांढरट कंद), रताळं यांचं सूप करायचं असेल तर या भाज्या पाण्यात शिजवण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजा. २०० अंश सेल्सिअस, तेल चोळून, ट्रेमध्ये एकाच थरात, साधारण ३५ मिनिटं. तुकडे एकमेकांवर चढले की ते भाजले न जाता वाफवले जातात. कडा तांबूस झाल्या की गोडवा आणि खमंगपणा दोन्ही येतो. या सुपांना काजूऐवजी शिजवलेली पांढरी बीन्स चांगली, वाडगाभर सुपात पोटभरही होतं. नारळाचं दूध मुलीला एवढ्यात देऊ नका. तिची नावड खरी आहे आणि पर्याय भरपूर आहेत.

ओट, सोया वगैरेंचं डब्यातलं दूध वापरायचं झालं तर 'अनस्वीटन्ड' बघूनच घ्या, गोड किंवा व्हॅनिलाचं सुपात भयंकर लागतं. सोयाचं दूध लिंबाबरोबर उकळलं तर फाटतं, म्हणून ते आच बंद करून शेवटी घाला आणि त्या दिवशी लिंबाला सुट्टी. आणखी एक गोष्ट, जिची मला जास्त काळजी वाटते : काजूच्या पेस्टमुळे सूप क्रीमसारखं लागलं तरी त्यात दुधाइतकं कॅल्शियम नसतं. मुलीच्या रोजच्या आहारात कॅल्शियम घातलेलं वनस्पतीजन्य दूध असावं आणि डबा प्रत्येक वेळी हलवूनच ओतावा, कॅल्शियम तळाशी बसतं. कुठलं दूध आणि किती, हे आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. चार वर्षांच्या मुलांसाठी तांदळाचं दूध नको असं ब्रिटनमध्ये सांगितलं जातं, कारण त्यात आर्सेनिकचं प्रमाण जास्त असू शकतं.

उरलेलं सूप उथळ भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. फ्रीझरमध्ये ठेवताना डब्यात बोटभर जागा सोडा. गोठवून गरम केल्यावर बटाट्याचं सूप फुटल्यासारखं दिसतं. ते बिघडलेलं नसतं, वाफ येईपर्यंत गरम करून अर्धा मिनिट पुन्हा ब्लेंडर फिरवला की सारखं होतं. मुलीला शाळेत द्यायचं असेल तर आधी विचारा, बऱ्याच शाळांत दाणे, काजू चालत नाहीत. त्या दिवशीचं सूप बीन्सचं करा. थर्मासमध्ये उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्या, मग वाफाळतं सूप भरा.