होडी फिरवायची मुभा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तू स्कूबा इन्स्ट्रक्टर झाल्याच्या कार्डाचा फोटो तुझ्या बाबांनी पाठवला. तो मी घरात सगळ्यांना दाखवला. मालवणच्या दांडीवरच्या रापणकर मच्छीमाराच्या घरातली मुलगी उद्या परक्या माणसांना समुद्राच्या तळाशी नेऊन सुखरूप वर आणणार, याचा मला किती आनंद आहे ते पत्रात मावणार नाही. फोनवर तू विचारलंस, ‘काका, पहिल्या बॅचला नेमकं काय सांगू?’ तेव्हा मी ‘बघू’ म्हणून विषय टाळला, कारण उत्तर दोन वाक्यांचं नव्हतं. आता पाऊस लागलाय, होड्या वर ओढून झापांनी शाकारल्यात. लिहायला सवड आहे.

पुस्तकातलं तुला माझ्याहून चांगलं पाठ आहे. पाण्याच्या वर १ बार दाब, १० मीटर खोलीवर २, २० मीटरवर ३. १० मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास कोंडून कुणी वर आलं, तर ती हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटायला दीड-दोन मीटरची चूकही पुरते. हे तू फळ्यावर काढून दाखवशीलच. मला लिहायचंय ते फळ्यावर काढता येत नाही. शिकणारा माणूस तुझ्याकडून जे उचलतो, त्यातलं निम्मं तू शिकवलेलंच नसतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. ती तुझ्या बाबांनाही माहीत नाही.

डिसेंबरची अखेर होती. नाताळच्या सुट्टीत सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होड्यांची कशी दाटी होते ते तू लहानपणापासून पाहतेयस. माझ्याकडे चार दिवसांचा कोर्स करणारी कॉलेजातली एक मुलगी होती. हुशार. तलावातले सगळे धडे तिने पहिल्या फटक्यात केलेले. समुद्रात उतरलो आणि तिसऱ्या मीटरला ती थांबली. नाक दाबून फुंकलं, पुन्हा फुंकलं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी केलं ते एवढंच. तिने लगेच अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘ओके’ची खूण केली आणि आम्ही खाली गेलो. वर आल्यावर तिच्या मास्कमध्ये रक्त होतं. कानाचा पडदा फाटलाय असं संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं.

मी तिला विचारलं, ‘दुखत होतं तर कानाची खूण का नाही केलीस? वर्गात तर तूच सगळ्यांना करून दाखवलीस.’ ती म्हणाली, ‘सर, तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात ना.’

तिला खूण येत होती, नियमही माहीत होता. दुखलं की थांबायचं, थोडं वर जायचं, कान मोकळे झाल्याशिवाय खाली जायचं नाही, हे मीच तिला तीन दिवस सांगितलं होतं. पण त्या क्षणी तिच्या लेखी कानापेक्षा माझा वेळ मोठा ठरला, आणि तो तसा मीच ठरवला होता. पडदा फाटल्यावर गार पाणी आत शिरलं की तोल जातो, वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही. त्या घबराटीत ती श्वास कोंडून वर धावली असती, तर हे पत्र लिहायला मी या धंद्यात राहिलोच नसतो. तिचा पडदा पुढे भरून आला. ते घड्याळ मी नंतर पाण्यात कधी नेलं नाही. आता वेळ डाइव्ह कॉम्प्युटरवर बघतो, तोही विद्यार्थ्याची नजर माझ्यावर नसताना.

हे आपल्याच धंद्यात होतं असं समजू नकोस. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या तेनेरीफेच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. विमानांच्या अपघातात एका वेळी एवढी माणसं त्याआधी कधी गेली नव्हती, नंतरही गेली नाहीत. उड्डाणाला निघालेल्या डच विमानाचा कप्तान साधासुधा नव्हता. आपल्या कंपनीतल्या वैमानिकांना जंबो शिकवणाऱ्यांचा तो प्रमुख होता. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची जंबोची परीक्षा त्यानेच दोनेक महिन्यांपूर्वी घेतली होती. विमान धावू लागल्यावर मागच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं की ते दुसरं विमान बाजूला झालंय ना. कप्तान ठामपणे ‘हो’ म्हणाला. त्यानंतर कुणी त्याला टोकलं नाही.

या अपघाताला आणखीही कारणं होती. धुकं, अर्धवट ऐकू आलेले रेडिओ संदेश, उशिराची घाई. पण मी जेव्हा जेव्हा ते वाचतो, तेव्हा त्या सहवैमानिकाच्या जागी मला माझी ती विद्यार्थिनी दिसते. ज्याने आपल्याला पास केलं, त्याला ‘थांबा’ कसं म्हणायचं? पुढे १९७९ साली नासाने यावर कार्यशाळा घेतली, आणि हाताखालच्या माणसाने वरिष्ठाला टोकणं हे वैमानिकांना रीतसर शिकवलं जाऊ लागलं. रीतसर शिकवावं लागतं, कारण ते आपोआप येत नाही.

मला ते शिकवणारा माणूस नासाचं नाव न ऐकलेला होता. माझे देवबागचे मामा मासेमारी होडीचे तांडेल, म्हणजे कप्तान होते. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी वाळू साचते. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून वारा आला की तिथे लाटा फुटायला लागतात. होडीचं तोंड लाटेला सरळ धरायचं, ती आडवी झाली की संपलं. मी सोळा वर्षांचा असताना मामांनी एके पहाटे सुकाणू माझ्या हातात दिलं आणि ते स्वतः पुढे जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. तोंडाशी आल्यावर मागे न बघता विचारलं, ‘तुका काय वाटता?’

मी लाटा मोजल्या. पोटात गोळा आला होता. म्हटलं, ‘आज नको.’

‘मगे फिरव.’

एवढंच बोलले ते. डिझेल जळलं, बर्फ वितळला, दोन खलाशांचा दिवस फुकट गेला. आणि तासाभराने आमच्यामागून दोन होड्या बाहेर गेल्या, दुपारी बांगडा भरून परतही आल्या. म्हणजे माझा अंदाज चुकला होता. संध्याकाळी बंदरावर कुणीतरी तो विषय काढला, तेव्हा मामा जाळ्याची गाठ बघत बसले आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या पहाटे सुकाणू पुन्हा माझ्याच हातात, आणि पुन्हा तोच प्रश्न, त्याच आवाजात.

तो एक दिवस मामांनी माझ्यावर खर्च केला. त्या दिवशी ते रागावले असते, नुसते हसले असते, तरी पुढच्या वेळी मी मामांचं तोंड बघून उत्तर दिलं असतं, लाटेकडे बघून नव्हे. मी आजवर जिवंत आहे त्यात त्या वाया गेलेल्या डिझेलचा वाटा मोठा आहे.

म्हणून पहिल्या बॅचला पहिल्या दिवशी, कुठलाही धडा सुरू करायच्याही आधी, त्यांच्याकडून एकदा डाइव्ह रद्द करून घे. खरोखर रद्द. गुडघाभर पाण्यात सगळं सामान चढवून उभं कर आणि सांग, आता प्रत्येकाने मला ‘वर जायचंय’ची खूण करायची, आपण बाहेर येणार. मग खरंच बाहेर ये. सामान उतरव, चहा घ्या. लोक म्हणतील यात काय शिकलो. शिकले ते असं की ती खूण केली तर आभाळ कोसळत नाही.

खुणेवरून आठवलं. जमिनीवर अंगठा वर म्हणजे ‘मस्त’, पाण्यात अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. हे सगळ्यांना सांगितलं जातं आणि तरी पाण्यात गेल्यावर खूश झालेला पाहुणा अंगठाच दाखवतो. काही जण अशा वेळी हसून मान हलवतात आणि अंगठा खाली दाबून टाकतात. तू तसं करू नकोस. अंगठा दिसला की त्याला वर घेऊन ये, दर वेळी. दहातले नऊ जण गैरसमजाने आलेले असतील. दहाव्याला खरंच वर जायचं असेल, आणि तू कुणाचा अंगठा दाबताना त्याने पाहिलेलं नसावं.

तुझे आजोबा यावर म्हणतील, एवढे लाड कशाला, आम्हाला बावीत ढकललं आणि आम्ही शिकलो. मीही तसाच शिकलो. सात वर्षांचा होतो. त्याच दिवशी, त्याच बावीत माझ्या धाकट्या भावालाही ढकललं. त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं, वर काढला तेव्हा काठावरची सगळी मोठी माणसं हसत होती. तो पुन्हा पाण्यात उतरला नाही. दर्यावर्दी घरातला मुलगा जन्मभर मुंबईत टेबलावर बसून नोकरी करत राहिला. आईच्या अस्थी समुद्रात सोडताना घोट्याएवढ्या पाण्यापलीकडे त्याचा पाय पडला नाही. ढकलून शिकवण्याच्या बाजूने साक्ष द्यायला आम्ही शिकलेलेच उभे राहतो. न शिकलेले गप्प असतात, त्यांना कुणी विचारतही नाही.

पण याचा उलटा अर्थ काढू नकोस. अवघड ते अवघडच ठेवायचं. मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने फुंकून बाहेर काढायचा धडा घे. यात बहुतेकांची गाडी अडते, कारण डोळ्यापुढे पाणी आलं की माणूस नकळत नाकाने श्वास ओढतो. ती घबराट सुरू झालेली तुला त्याच्या बुडबुड्यांवरून कळेल, ते बारीक आणि भराभर यायला लागतात. त्या क्षणी तू लगेच धरलंस तर तो शिकतो की हे मला जमणार नाही, ताई आहे म्हणून वाचलो. उशिरा धरलंस तर आयुष्यभराची भीती बसते. मधले जे काही सेकंद आहेत, आपली सगळी विद्या तिथे लागते. हात त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर ठेव, धरू नकोस. तुझा श्वास संथ आणि लांब सोड. पाण्याखाली चेहऱ्यातले डोळे तेवढे दिसतात. शिकणारा तुझ्या डोळ्यांकडे आणि तुझ्या बुडबुड्यांकडे बघत असतो, आणि त्याची लय हळूहळू तुझ्या लयीवर येते. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. तू आतून घाबरलेली असशील तर तेही त्याला कळतं. म्हणून तुझं पोट बिघडलंय, रात्री झोप नाही, घरी भांडण झालंय, अशा दिवशी तूच पाण्यात उतरू नकोस. आणि ते होडीवर सगळ्यांसमोर सांग: ‘आज मी नाही.’ तुझ्या तोंडून ते एकदा ऐकलं की त्यांनाही म्हणता येतं.

उतरण्याआधीची तपासणी कधीच गाळू नकोस. सिलिंडरचा वॉल्व्ह अर्धवट उघडा असला तर वर, होडीवर सगळं ठीक वाटतं. हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत तीन-चार श्वास घेतले तरच काटा थरथरताना दिसतो. तुझा हात इतका बसलेला असेल की न बघताही तुला कळेल. तरी बघ. तू एक दिवस गाळलंस तर विद्यार्थ्याच्या डोक्यात ‘तयार माणसं हे करत नाहीत’ असं बसतं. मग तो तयार दिसण्यासाठी ते गाळतो.

होडीवर एखाद्या मोठ्या माणसाला भीती वाटली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अहो, ती दहा वर्षांची पोरगी जाऊन आली!’ बहुधा त्याच्याच घरचं कुणीतरी असतं. त्याला तिथल्या तिथे थांबव. गोडीने, पण थांबव. मालक डाइव्ह मोजत असेल, व्हिडिओवाला घाई करत असेल, पुढची होडी लागलेली असेल. लाजेने उतरलेला माणूस खाली गेल्यावर तुला काही सांगत नाही, आणि न सांगणारा माणूस सांभाळणं फार कठीण.

पत्र लांबलं. एक काम आहे तुझ्याकडे.

माझा तो भाऊ निवृत्त होऊन गावी आलाय. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो बावीच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसलेला दिसला. मी मागे उभा आहे हे कळल्यावर लगेच उठला. काल जेवताना आपणहून म्हणाला, ‘आता शिकलो तर येईल का रे?’ मी म्हटलं, येईल. दिवाळीनंतर पाणी निवळलं की त्याला तू शिकव. समुद्र नको, आधी बाव. किती दिवस लागतील ते लागू देत. मी शिकवायला नको. माझ्यासमोर तो दुखत असलं तरी ‘ठीक आहे’ म्हणेल. मी त्या दिवसांत काठावरही नसेन, तारकर्लीला असेन. झालं की फोन कर. नाही झालं, तरी कर.

तुझा,
काका