बार्सिलोना या स्पॅनिश फुटबॉल क्लबची तरुण खेळाडू घडवणारी ‘ला मासिया’ अकादमी मधल्या काळात का मागे पडली आणि पुन्हा वर कशी आली?

थोडक्यात सांगायचं तर पैसा आला तेव्हा मागे पडली, पैसा संपला तेव्हा वर आली.

१९७९ मध्ये कॅम्प नऊ स्टेडियमला लागून असलेल्या १७०२ सालच्या जुन्या शेतघरात ही अकादमी सुरू झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये लेवान्तेविरुद्ध डानी आल्वेस जखमी होऊन बाहेर गेला, मोन्टोया आत आला आणि बार्साचे (म्हणजे बार्सिलोनाचे) अकराच्या अकरा खेळाडू घरचे, म्हणजे याच अकादमीतले झाले! त्याच्या दोनच वर्षं आधी बॅलन डी’ओर या वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराचे अंतिम तिघं म्हणजे मेस्सी, इनिएस्टा आणि झावीही इथलेच होते.

पुढे २०१७ मध्ये नेमार २२.२ कोटी युरोंना गेला आणि क्लबच्या हातात रोकड खुळखुळायला लागली. मग डेम्बेले, कुटिन्हो, ग्रीझमन हे बाहेरचे खेळाडू विकत घेतले. घरच्या पोरांना संधी कोण देणार? त्याआधी अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या नोंदणीवरून फिफाची बंदीही झाली होती, पण माझ्या मते खरं नुकसान या खरेदीनेच केलं.

२०२१ पर्यंत कर्ज अब्जावर युरो झालं, मेस्सीही गेला. विकत घ्यायला पैसे नाहीत म्हटल्यावर गावी, बाल्दे, कुबार्सी ही अकादमीतली पोरं मैदानात दिसू लागली. लामिन यमाल तर पंधराव्या वर्षीच मुख्य संघात उतरला. गोल केल्यावर तो बोटांनी ३०४ दाखवतो ना, ते त्याच्या रोकाफोंडा वस्तीच्या पिनकोडचे शेवटचे तीन आकडे.