बडोद्यात सोसायटीच्या भिंतीवर रहिवाशांनी मिळून चित्र काढायचं तर सुरुवात कुठून?

भिंत 20 × 8 फूट आणि हात तीसेक, असं धरून सांगतो.

आधी ओल बघा. फूटभर प्लास्टिक चारही कडांनी टेपनं चिकटवून दिवसभर ठेवा. आतून थेंब जमले तर थांबा, नाहीतर दिवाळीनंतर लावलेला रंगही पापुद्र्यांनी सुटेल. खाली खार फुटतो ना! चुन्याचा जुना हात असेल तर खरवडूनच काढा. मग एक्स्टिरिअर प्रायमर, त्यावर पांढऱ्या इमल्शनचे दोन हात. तीन-चार लिटर पुरतं.

खडूची पूड लावलेली दोरी ताणून सोडली की सरळ रेघ उमटते. तशा फुटाफुटाच्या चौकटी पाडा, मूळ छोट्या चित्रावरही संख्येनं तेवढ्याच, म्हणजे चौकट बघून चौकट उतरवता येते.

घोटाळा होतो तो रंग कालवण्यात. प्रत्येकानं आपापली छटा केली की एकच आभाळ पाच प्रकारचं दिसतं. एकानंच सगळ्या छटा झाकणाच्या डब्यांत कालवाव्यात, डब्याचा नंबर चौकटीत लिहावा. मुलांना खालचे तीन फूट द्या, शिडीवर मोठेच. एका वेळी सहा-सातजण पुरे, बाकीचे धक्के मारतात. शेवटच्या बाह्यरेषा मात्र एकाच हाताच्या. कुणी रुसलं तरी चालेल. आपल्या बडोद्याच्या कीर्तिमंदिरात, गायकवाडांच्या स्मारकात, भिंती रंगवताना चित्रकार नंदलाल बोसांच्याही हाताखाली शिष्य होतेच.